बेशरमाची काडी आणि झऱ्याचं शेवाळ

झाडांच्या बाबतीत मी तेव्हा भलताच शिष्ट माणूस होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे माझी दोनदा चांगली जिरणार आहे, आणि दोन्ही वेळा ती शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी जिरवली आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी, गुलाबराव, मूळचा उंद्रीचा. शेतकी शाळेत एक वर्ष काढून लोणारच्या बाजूला एका लहानशा सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधायला लागलो होतो. वय पंचवीस, खिशात कलमाचा चाकू आणि डोक्यात हवा. संत्रा, लिंबू, पेरू एवढीच माझ्या लेखी झाडं. बाकी सगळं सरपण. आणि सरपणाचीही लायकी नसलेलं एक झुडूप होतं, ते म्हणजे बेशरम.

आमच्या भागात बेशरम कुणाला ठाऊक नाही? नाल्याच्या काठाला, डबक्यात, जिथं चिखल तिथं ते उभं. जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखी फुलं बारा महिने. तोडलं की दुप्पट फुटतं. उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं. पांढरा विषारी चीक असल्यामुळे शहाणी शेळी तोंड लावत नाही. एवढा अपमान सोसून फुलत राहणाऱ्या झाडाला लोकांनी दुसरं नाव तरी काय द्यावं?

वैशाख सरता सरता एक दिवस रुखमाबाई रोपवाटिकेत आली. पन्नाशीच्या आतबाहेरची विधवा बाई, तीन कोस उन्हातून चालत आलेली, डोक्यावर वाळक्या काड्यांची मोळी. मला वाटलं, सरपण विकायला आली असेल. तिनं मोळी माझ्यापुढं ठेवली.

"भाऊ, ह्या काड्या लागाले काही औषध भेटते काय तुमच्याजवळ?"

काड्या जामाच्या होत्या. जाम म्हणजे पेरू. आमच्याकडं पेरूला पेरू फक्त सरकारी कागदावर म्हणतात.

"वीस काड्या खोसल्या नाल्याच्या चिखलात," ती सांगू लागली. "आठ दिवस हिरव्या राह्यल्या, दोघी-तिघींले कोंब बी फुटला. मंग एकाच दिवशी साऱ्या वाळल्या."

"पेरूची काडी चिखलात खोचून लागते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बेशरमाची लागते ना. साऱ्या धुऱ्यावर म्याच लावलं हाय. एक काडी वाया गेली नाई."

माझं टाळकंच सटकलं. बेशरम कुठं, जाम कुठं, गाढवाच्या पाठीवर अंबारी ठेवल्यासारखं आहे हे, असं मी बरंच बोललो. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वरडता काऊन भाऊ? मले समजलं असतं त मी तीन कोस चालत आली असती काय?"

मी तिला माठातलं पाणी दिलं, बसायला बारदान दिलं, आणि मग सगळं ऐकलं.

रुखमाबाईच्या वावरात एकच जामाचं झाड होतं, आतून लाल निघणारं. ते तिच्या आईनं तिला लग्नात दिलेलं, आईला तिच्या आईनं. त्यांच्यात चाल अशी की लेक सासरी निघाली की तिच्यासोबत मायच्या झाडाचं रोप जायचं. बी पेरून चालायचं नाही. बियाचं झाड मायवर जाईलच असं नाही. झाडाची खालची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि वर्षभर वाट पाहायची. मुळं धरली की तोडून लेकीच्या हाती द्यायची. रुखमाबाईला वाटलं होतं, लेकीचं, बनाचं, लग्न दोन वर्षांनी करू. पण जळगाव जामोदचं स्थळ अवचित आलं, चांगलं आलं, आणि वैशाखात लग्न उरकलं. बना रिकाम्या हातानं सासरी गेली. घाईघाईत रुखमाबाईनं खालच्या होत्या नव्हत्या तेवढ्या फांद्या तोडल्या आणि बेशरमासारख्या चिखलात खोचल्या. आता दाबायला फांदीच उरली नव्हती.

असती तरी हातात वर्ष नव्हतं. गावच्या नाल्यावर तलावाची भिंत पुरी होत आली होती. पावसाळा लागला की तिचं वावर पाण्याखाली जाणार होतं.

"वावराचं नाई म्हनत मी. तलाव साऱ्या गावाचा हाय," ती म्हणाली. "पन मायचं झाड माह्या हातात संपलं, हे मी बनाले कोन्या तोंडानं सांगू?"

मी तिच्यासोबत निघालो. माझ्या स्वभावाला हे शोभत नव्हतं, पण निघालो.

वावर तलावाच्या अगदी पोटात होतं. मधोमध जाम, आणि गावाकडून जामापर्यंत गेलेल्या धुऱ्यावर बेशरमाची दाट रांग. धुऱ्याच्या डाव्या अंगाला बिनकठड्याची विहीर. मी पोचल्या पोचल्या हुकूम सोडला, "आधी हे बेशरम उपटा. जागा खातं नुसतं."

"त्यानं तुमचं काय खाल्लं?" रुखमाबाई म्हणाली. "त्याच्यापायी शेळ्या येत नाईत, धुरा वाहून जात नाई. नाव वंगाळ ठेवलं लोकायनं, म्हून झाड वंगाळ होते काय?"

मी दुर्लक्ष केलं आणि गुटी बांधायला घेतली. गुटी म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडायची. बोटभर रुंदीची साल गोल काढायची, त्या जागी ओलं काहीतरी गुंडाळायचं, वरून बारदान आणि सुतळी. ओलावा टिकला तर दीड-दोन महिन्यांत मुळं येतात. आम्ही रोपवाटिकेत त्यासाठी लांबच्या डोंगरातून येणारं वाळकं शेवाळ वापरायचो, पण पोतं संपलं होतं. मी शेण आणि काळी माती कालवून पाच गुट्या बांधल्या आणि छाती फुगवून परत गेलो.

मृगाचे चार शिंतोडे पडले आणि पावसानं वीस दिवस तोंड दाखवलं नाही. रुखमाबाई दोन वेळा पाणी घालत होती, तरी काळी माती ती काळी माती. मी गुट्या सोडून पाहिल्या तर माती तडकून दगड झालेली आणि आत फांद्या सुकलेल्या. पाचही गेल्या.

"तुमच्यानं बी बेशरमासारखंच झालं भाऊ," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, म्हणून जास्त लागला.

त्याच आठवड्यात लोणारच्या बाजारात मी केसरबाईला पाहिलं. दुपारचे तीन, ऊन असं की माणसं सावलीतही घामाघूम होत होती. सगळ्यांची भाजी मान टाकून पडलेली. आणि या बाईचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आत्ता उपटल्यासारखा ताठ. मी टोपलीत हात घातला. तळाशी हिरवीगार, ओली, मऊ गादी लागली.

"शेवाळ हाय," केसरबाई म्हणाली. "झऱ्याच्या खडकावरलं. सकाळी एकडाव भिजवलं की सांजलोक पाहाचं काम नाई. सांबार घेता का नुसताच हात लावता?"

मी सांबार घेतला आणि गाव विचारलं. रुखमाबाईचंच गाव. मी तीन कोस तंगडतोड करून ज्या गावात अक्कल शिकवायला जात होतो, तिथंच दुसऱ्या टोकाला, बौद्धवाड्यात, ही बाई वर्षानुवर्षं माझ्या अडचणीवरचा इलाज टोपलीच्या तळाशी घालून बाजारात आणत होती.

दुसऱ्या दिवशी ती मला गावामागच्या दरीत घेऊन गेली. झरा जवळजवळ आटलेला. खडकावर जे होतं ते पाहून मी निराश झालो. तपकिरी, कुरकुरीत, जुन्या घोंगडीचा फाटका तुकडा वाटावा असं. पाण्यावर तरंगतं ते बुळबुळीत शेवाळ नव्हे. हे खडकाला धरून गादीसारखं वाढणारं.

"हे तर मेलं आहे," मी म्हणालो.

"तुमी शिकलेल्या मान्सायले मेलेलं लवकर दिसते," केसरबाई म्हणाली आणि लोटाभर पाणी त्यावर ओतलं.

मी उकिडवा बसून पाहत राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग कडेची एक बारीक पात सरळ झाली, तिच्या शेजारची झाली, आणि बिडी ओढून व्हायच्या आत तो सगळा तुकडा फुगून हिरवा झाला. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. याला फूल नाही, बी नाही, खरं म्हणावं असं मूळसुद्धा नाही. उन्हाळाभर मेल्यासारखं पडून राहतं, आणि लोटाभर पाण्याचा उपकार लगेच फेडतं. मी एक मूठ उचलून पिळली तर मनगटावरून धार वाहिली. पुन्हा बुडवली तर तेवढंच पाणी पुन्हा प्यायली. पोत्यातलं शेवाळ मी वर्षभर हाताळलं होतं, पण ते जितं आहे असा विचार कधी मनात आला नव्हता.

"याचे किती पैसे घ्याल?" मी विचारलं.

"पैसे नको. गुटी जमली त एक मले."

रुखमाबाईला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. शेवाळ कुणाच्या हातचं आहे, हेही त्या गप्प बसण्यात होतं, ते मला कळलं आणि रागही आला. पण ती बोलली ते निराळंच. "हा जाम फकस्त लेकीले देतात भाऊ. बाहेर गेला नाई कधी."

"मग तलावाला द्या," मी म्हणालो.

आषाढ लागून चार-पाच दिवस झाले होते तेव्हा मी तीन गुट्या बांधल्या. शेवाळ भिजवून, पिळून, सोललेल्या जागेभोवती चांगलं गच्च दाबलं. तीनच, कारण बोटाएवढ्या जाड फांद्या तेवढ्याच उरल्या होत्या. "पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही," असं बजावून मी परतलो.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो सगळी कसर भरून काढायला. नागपंचमीला बना माहेरी आली होती. पुढं दहा दिवसांनी, गुट्यांचा एक्केचाळिसावा दिवस असेल, गावचा माणूस निरोप घेऊन आला: तीन दिवसांची झड आहे, तलाव भरू लागला, लवकर या.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. वावर नव्हतंच. सगळीकडं गढूळ पाणी आणि मधे जामाच्या नुसत्या फांद्या वर. रुखमाबाई काठावर कमरेला पदर खोचून उभी, बना तिचा हात धरून रडकुंडीला आलेली. केसरबाईही आली होती, जरा बाजूला उभी होती.

"माय, नको जाऊ व. विहीर हाय तठी," बना म्हणत होती. "मले नको जाम. मले तू पाह्यजे."

विहिरीचीच भीती होती. पाण्याखाली धुरा कुठं आणि विहीर कुठं, हे कोण सांगणार? पोहणारा तिथं कोणी नव्हता. मीही नव्हतो.

तेवढ्यात मला ती रांग दिसली. पाण्याच्या वर दोन हात, एकामागं एक, सरळ जामापर्यंत गेलेली जांभळट गुलाबी फुलं. तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि एकही झुडूप हललं नव्हतं. मी उपटायला सांगितलेलं बेशरम.

"मंगाचपासून त्येच सांगून राह्यली मी हिले," रुखमाबाई म्हणाली. "जठी बेशरम हाय तठी धुरा हाय."

ती पुढं, मी मागं. दोन्ही हातांनी झुडूप धरायचं, पाय टेकवायचा, मग पुढचं झुडूप. पाणी छातीला आलं. एकदा माझा पाय डावीकडं घसरला आणि खाली काहीच लागलं नाही. मी दोन्ही हातांनी फांद्या आवळल्या. त्या वाकल्या, पण मुळं सुटली नाहीत. चीक माझ्या बोटांवरून ओघळत होता आणि मी मनातल्या मनात त्या झाडाची क्षमा मागत होतो. अशी क्षमा मी आजवर कुठल्याही संत्र्याची मागितलेली नाही.

तिन्ही गुट्या पाण्याच्या वीतभर वर होत्या. मी पहिलीचं बारदान जरा सोडलं. हिरव्या शेवाळातून पांढरी मुळं बाहेर आली होती, शेवयांसारखी. रुखमाबाईनं बोटानं एकाला हळूच स्पर्श केला आणि तिचा हुंदका बाहेर पडला. मला म्हणाली, "माय आली भाऊ माही."

चार दिवस आधीच तोडावं लागलं. तिन्ही डोक्यावर धरून आम्ही परतलो.

काठावर रुखमाबाईनं तिन्ही रोपं मांडली. सगळ्यात धष्टपुष्ट ते बनाला. दुसरं स्वतःच्या अंगणासाठी. तिसऱ्याला जेमतेम चार मुळं होती. ते हातात घेऊन ती घुटमळली. केसरबाई तिथंच उभी होती. मागतही नव्हती, जातही नव्हती.

"लेकीलेच देतो आमी हे," रुखमाबाई शेवटी म्हणाली.

"मंग एक दिवस मले लेक समज," केसरबाई म्हणाली.

बना हसली. रुखमाबाई हसली नाही. तिनं ते मरतुकडं रोप केसरबाईच्या हातात न देता तिच्या टोपलीत ठेवलं. मला ते दिसलं, केसरबाईलाही दिसलं. पण केसरबाईनं टोपली उचलली, वाटेत बेशरमाच्या आठ-दहा काड्या मोडून घेतल्या आणि गेली.

पोळा झाल्यावर बना एसटीत मांडीवर रोप घेऊन बसली तेव्हा मी निरोपाला होतो. "शेवाळ काढू नकोस, तसंच मातीत लाव," एवढं सांगितलं. भोवती कुंपण घाल, हे सांगायचं राहून गेलं. ते राहिलं नसतं तर बरं झालं असतं, कारण दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. रोप लागलं होतं, चार नवी पानं आली होती, आणि एका सकाळी शेजारची शेळी येऊन खोडासकट खाऊन गेली.

ते पत्र रुखमाबाईला मीच वाचून दाखवलं. तिच्या अंगणातलं रोपही तोवर उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं होतं. तिनं पत्राची घडी घातली आणि कपाळाला लावली, बस्स. मोठं झाड तर सगळा पावसाळा पाण्यात उभं राहून सडून गेलेलं. केसरबाईच्या रोपाची आठवण आम्हा दोघांनाही झाली नाही, कारण त्या चार मुळांची आशा आम्ही धरलीच नव्हती.

दोन वर्षांनी बाजारात केसरबाईनं मला हाक मारली. टोपलीत, ओल्या शेवाळावर, सांबाराच्या शेजारी एकच जाम ठेवलेला. "पहिलाच हाय. इकायचा नाई," ती म्हणाली. "तुमी जाऊन राह्यले काय तिकडं? रुखमाबाईले द्या."

मी दिला. रुखमाबाईनं विळ्यावर चिरला. आत लाल.

ती तशीच उठली. मी सोबत गेलो. तिसेक वर्षं त्या गावात काढलेली बाई, पण गावाच्या त्या टोकाला केसरबाईच्या दारात पहिल्यांदाच जात होती. दाराशी जाम उभा होता, पुरुषभर उंच. भोवती बेशरमाचं दाट कुंपण, फुलांनी भरलेलं. शेळीचं काय, कोंबडीचंही आत डोकं शिरलं नसतं. आणि बुंध्याशी, जिथं केसरबाई रोज भाज्या धुतलेलं पाणी ओतायची, तिथं शेवाळाची हिरवी गादी पसरली होती. माझ्या गुटीतलंच असेल. माझ्या पंचविशीतल्या शिष्टपणात जी दोन झाडं बसत नव्हती, ती त्या तिसऱ्या झाडाला मधे घेऊन उभी होती. एक बाहेरून कोणाला येऊ देत नव्हतं, दुसरं आतून ओल जाऊ देत नव्हतं. मोठं कोण, म्हणून मला कोणी विचारलं तर मी आजही सांगू शकणार नाही.

रुखमाबाई कुंपणाबाहेर उभी राहिली. तिला मागायचं होतं, आणि मागता येत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हणाली, "केसरबाई, बनासाठी एक फांदी... मले मागाचं तोंड नाई, मले मालूम हाय."

केसरबाई पालकाच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली, हात पदराला पुसले आणि बसायला पाट पुढं सरकवला.

"बस," ती म्हणाली. "लेकीच्या दारात मायले मागा लागते काय?"

रुखमाबाई पाटावर बसली. हातातला अर्धा जाम तिनं पुढं केला, या वेळी टोपलीत नाही, केसरबाईच्या हातात. मी खिशातून चाकू काढला आणि चांगल्या जाड फांद्या पाहू लागलो.